कमरेपर्यंतच्या टाईल्स

मनोरीच्या आमच्या बैठ्या घरातली ओल काढता काढता मी थकलो आहे. घर पाहावं बांधून, म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने जुनं घर दुरुस्त केलेलं नसणार. आईचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, भिंती कोरड्या होईपर्यंत तिथे राहायचं नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे, कांदिवलीला, सातव्या मजल्यावर. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "किती वाळली रे?"

दर रविवारी मार्वेहून बोट धरायची, पोपडे खरवडायचे, नखांत चुना घेऊन परत यायचं. मला यातून लवकर सुटायचं होतं. गावातला म्हातारा गवंडी म्हणाला, "चुन्याची भिंत आहे ही. सिमेंट लावलंस तर पाणी आत कोंडेल. नुसती सोलून ठेव, अख्खा उन्हाळा वारा लागू दे. मग चुनाच लावू."

"काका, एवढा वेळ कुणाला आहे?" मी म्हटलं. त्याच्या डोक्यावर बसून सिमेंट लावून घेतलं आणि वर कमरेपर्यंत टाईल्स. खोली बाथरूमसारखी दिसायला लागली, पण कोरडी होती. आईला फोटो दाखवला. तिने तो मजल्यावरच्या सगळ्या बायकांना दाखवला.

जुलै संपता संपता ओल टाईल्सच्या वर आली. पूर्वी गुडघ्याइतकी असायची, आता छातीपर्यंत. वाट लागली होती आणि ती मीच लावली होती. मग मी फोटोत फक्त रस्त्याकडची कोरडी भिंत धरायला लागलो. चाळिशी उलटलेला माणूस आईला फसवतोय, याची लाज वाटायची. तरी फोटो काढायचो.

गणपतीच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, "आज मी पण येते." बोटीत चढतानाच तिला धाप लागली. घरात शिरली ती थेट मागच्या भिंतीशी गेली, टाईल्सच्या वर तळहात टेकवला. हाताला ओलीतून फुललेलं पांढरं मीठ लागलं.

"एकाच भिंतीचे फोटो दाखवत होतास ना, तेव्हाच कळलं मला."

रागावली असती तर बरं झालं असतं.

गवंड्याला बोलावलं. "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानेही तो म्हणाला नाही. टाईल्स, सिमेंट सगळं उतरवायचं, पुढचा उन्हाळा भिंत उघडी ठेवायची, मग चुना, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात काय होतं ते बघायचं. आई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे अजून दोन गणपती?"

"हो, दोन तरी," गवंडी म्हणाला.

तिने पदराला हात पुसला. "चल रे," ती मला म्हणाली, "घरी जाऊ."

माझ्या फ्लॅटला तिने घर म्हटलं ते पहिल्यांदाच. इतके दिवस मला तेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि मी त्या ओल्या भिंतीवर तळहात टेकवला.