माळावर पहिलं रडणं

चुडाव्याजवळच्या एका नदीकाठच्या गावात शिवमूर्तीचं किराणा दुकान होतं. त्याची बायको उमादेवी हिचा भाऊ सेलूला मास्तर. तो पुण्याची मासिकं वाचून झाली की बहिणीच्या घरी पाठवायचा. मासिक आलं की दुकानाच्या ओट्यावर माणसं जमायची, शिवमूर्ती मोठ्यानं वाचायचा आणि उमादेवी आत डाळ निवडत ऐकायची.

सदतीस सालच्या उन्हाळ्यात त्यानं एक नवल वाचलं. पृथ्वीवर कधी मोठं अरिष्ट आलं तर माणसाचा वंश उरावा, म्हणून पुढंमागं मंगळावर वस्ती करावी, असं परदेशातले काही विद्वान म्हणत होते. ओट्यावर हशा पिकला. व्यंकटराव पाटील म्हणाले, "आधी आपल्या गावची वाट नीट करा म्हनावं. गाड्या गाळात रुतायल्यात!"

शिवमूर्ती हसला नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याचं अख्खं घर आठ दिवसांत गेलं होतं. तो तेवढा मामाच्या गावी होता, म्हणून वाचला.

जेवताना तो म्हणाला, "मंगळाचं राहू दे. कोसभरावर आपला माळ हाय. तिथं चार घरं असावीत. साथ येवो, पूर येवो, एक गाव गेलं तरी दुसरं ऱ्हाईल."

"अन् काईच न्हाई आलं तर?"

"तर लयच बरं."



दोन वर्षं खडक फोडून विहीर झाली. शिवमूर्तीचं घर उभं राहिलं, त्यामागोमाग आणखी चार. पण वस्ती मूळ धरेना. सकाळी लिंगपूजा आटोपून उमादेवी दारात बसे, तेव्हा शेजारून जात्याची घरघरसुद्धा येत नसे. बायका सातव्या महिन्यात बाळंतपणाला गावात जात आणि परतायचं नाव घेत नसत. मग नवरेही जात. दोन घरं अशीच ओस पडली.

एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी हीर खंदली, घरं बांधली. पर हितं जल्मायचं कुनी? जिथं कुनी जल्मत न्हाई ते गाव कशाचं? मासिकात याचं काई लिवलंय का?"

शिवमूर्तीनं आठवून पाहिलं. "न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ती गावातल्या सुईणीकडे, बायनाबाईकडे गेली. बायनाबाई एकटी होती, पण आपल्या गल्लीत राणीसारखी राहायची.

"माळावर? तिथं मला बोलायला कोन हाय?"

"मी हाय की."

"तू तर तोंडच उघडत न्हाईस."

"शिकते उघडायला."

बायनाबाई हसली आणि महिनाभराच्या बोलीनं आली. उमादेवीनं ओस पडलेलं एक घर सारवून तिला दिलं, दारात शेळी बांधली आणि खरंच रोज संध्याकाळी बोलायला जाऊ लागली. पहिले चार दिवस नुसत्या भाजीवरच बोलली.

त्याच महिन्यात वस्तीवरच्या भुजंगच्या बायकोला, सुमनला, कळा लागल्या. सुईण आली म्हणून ती गावात जायची थांबली होती. मूल पायाळू होतं. भुजंग गाडी जुंपायला धावला. बायनाबाई आतूनच ओरडली, "कुटं निगालास? पानी तापव!" उमादेवीनं सुमनला पाठीशी धरून ठेवलं. बायनाबाईचे हात कसे वळतात ते ती बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं आणि मुलगी रडली. माळावर त्याआधी कुणी रडलं नव्हतं, म्हणजे तान्ह्या गळ्यानं. बाहेर शिवमूर्ती उगाचच सगळ्यांना गूळ वाटत सुटला.

बायनाबाईचा महिना काही संपला नाही. तिच्या हाताखाली उमादेवीही सुईण झाली. निजामाचं राज्य गेलं तोवर माळावर अकरा घरं झाली होती. ना पूर आला, ना साथ. लोक शिवमूर्तीची थट्टा करत, "तुमचं अरिष्ट कुटं अडकलं?" तो म्हणायचा, "अडकू द्या की."

त्याच हिवाळ्यात झरी गावाकडची दोन माणसं आली. त्यांनीही पडीक रानात नवी वस्ती मांडली होती आणि एका बाईचे दिवस भरत आले होते. त्यांनी उमादेवीला महिनाभर बोलावलं. तिनं लुगडी गाठोड्यात बांधली, सुमनच्या मुलीचा मुका घेतला आणि गाडीत बसली. शिवमूर्तीनं बैल हाकले.