आठ बाजूंची जाळी

विहीर बुजवायचं ठरवणाऱ्यांपैकी एकानेही गेल्या कित्येक वर्षांत तिचं पाणी ओढलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला उद्धट म्हणताना कुणाची पंचाईत होणार नाही.

तारापूरच्या किनाऱ्याला आमची आळी. घरांपुढे बोंबील वाळवायच्या काठ्या आणि आळीच्या टोकाला ही विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. नळ आले, पण त्यांची मर्जी सांभाळावी लागते. ते रुसले की बाया कळशा घेऊन इथेच येतात. नवरीच्या हळदीच्या आंघोळीचं पाणीही इथूनच वाजतगाजत न्यायचं. कठडा दगडी, हातभर रुंद आणि आठ बाजूंचा. कुणी बांधला ते आळीत कुणालाच ठाऊक नाही.

शेजारणीची शेळी आत पडली. दोर सोडून तिला जिवंत काढली, पण पुरुषांची बैठक बसलीच. आमचे थोरले काका आळीचे कारभारी. पलीकडे एका बंगल्याचा पाया खणत होते, त्याची माती रविवारी डंपरने आणून विहिरीत टाकायची, असं त्यांनी जाहीर केलं.

"आज शेळी पडली, उद्या पोर पडंल," ते म्हणाले.

"मग जाळी बसवा," मी म्हटलं.

"कोन बनवनार?"

"मी."

काका हसले. "तू बोईसरला खिडक्या जोडतेस. ही इहीर हाय, खिडकी नाय."

"रविवारी जाळी बसली नाय तर टाका माती."

कडेला बायकांमध्ये बसलेल्या आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं लग्नाचं पाणी ह्याच विहिरीचं. घरी येऊन तिने मला जास्तीचा मासा वाढला.

मी पालघरला आयटीआय केलं आणि बोईसरच्या एका शेडमध्ये लोखंडाच्या चौकटी बनवते. सुरुवातीला तिथेही लोकांनी 'पोरगी मशीनवर?' करून पाहिलं. आता करत नाहीत. मालकांनी उरलेले चौकोनी पाइप वापरायला दिले. आठ बाजूंपुरतेच होते, वर एक तुकडाही नाही. कठड्याचं माप मी बाहेरच्या कडेने घेऊन आले होते.

हिशेब सोपा होता. शाळेत एकच गोष्ट मला मनापासून पटली होती: आकृतीला कितीही कोपरे असू देत, कडेकडेने चालत निघालात आणि निघालात तिथेच परत आलात, की सगळ्या वळणांची बेरीज एक पूर्ण फेरी होते, तीनशे साठ अंश. बाहेरचे कोन म्हणजे ही वळणं. आठ समान वळणं, म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस. आमच्या कटऑफ मशीनवर पंचेचाळीसची खाचच आहे. दरवाजा, खिडकी, गेट, सगळं त्या खाचेवर कापलं जातं. हात न सांगता तिथे जातो. हिशेब पंचेचाळीस म्हणाला, हात पंचेचाळीस म्हणाला. दोन साक्षीदार मिळाल्यावर मी कशाला थांबते? आठही पाइप दोन्ही टोकांनी कापून टाकले.

मग जमिनीवर मांडायला घेतले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि चौथ्याचं टोक पहिल्याला येऊन चिकटलं. समोर एक सुरेख चौकोन. चार पाइप उरलेले.

शेडमधला वेल्डर, उत्तरेकडचा, बाजूला येऊन उभा राहिला. "दीदी, ये तो खिड़की बन गई," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत काका काय म्हणाले होते ते.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. तो म्हणाला, सांगून टाक झालं नाही म्हणून, काय होईल? माती पडेल, मी म्हटलं. ते काकांचं हसू मला त्या चौकोनात दिसत होतं. मी खाली बसले आणि दोन पाइपांच्या सांध्यावर खडूने रेघ ओढली.

रेघ ओढली आणि कळलं. वळण पंचेचाळीसचंच, पण ते दोन पाइपांनी मिळून घ्यायचं असतं. मी दोघांनाही अख्खं वळायला लावलं होतं, म्हणून कोपरा नव्वदचा झाला. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं, साडेबावीस. आता माझा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून आतल्या बाजूनेही केलं. आठातून दोन गेले सहा, सहा गुणिले एकशेऐंशी, एक हजार ऐंशी. आठाने भागून आतला कोन एकशे पस्तीस. त्याचा अर्धा साडेसदुसष्ट. मशीनची पट्टी सरळ कापाला शून्य धरते, म्हणजे नव्वदातून साडेसदुसष्ट वजा. साडेबावीस. आत आणि बाहेर, दोघांचं एकमत झालं.

साडेबावीसला खाच नाही. पट्टी हाताने धरून, कसून, एका सांध्याची दोन टोकं कापली, जुळवून पाहिली, मग बाकीची. प्रत्येक पाइप थोडा आखूड झाला. आठवा पाइप पहिल्याला येऊन भिडला तेव्हा वेल्डरने न विचारता वेल्डिंगची पकड हातात घेतली आणि मी सांधे धरले. आत आडवे-उभे गज टाकले, बादली जाईल एवढं झाकण ठेवलं.

रविवारी टेम्पोतून जाळी आणली, तर डंपर विहिरीपाशी उभाच होता. मातीने भरलेला, ड्रायव्हर आत चहा पीत. मला राग यायला तेवढं पुरलं. आळीतल्या बायकांनी जाळी उचलली, पुरुषांनी पाहिली. ती कठड्यावर टेकली.

काकांनी भोवती एक फेरी मारली. "बारकी झाली," ते म्हणाले. "मापात नाय."

"बारकी हाय," मी म्हटलं. "कठडा हातभर रुंद हाय, पडत नाय."

"वजन पडल्यावर समजंल."

मी चपला काढल्या आणि कठड्यावरून जाळीवर चढले. चालत मध्यभागी गेले. खाली खोल काळं पाणी, तळव्याला गजांचा गारवा. जाळी हलली नाही.

"खाली उतर," काका म्हणाले.

"आधी डंपर न्या."

"तो टाकनार हाय कुटं माती? तू उभी हायस ना वर."

"म्हणूनच उभी हाय."

आई पुढे आली. तिने कठड्याजवळचं झाकण उघडलं, बादली सोडली आणि पाणी ओढलं. एक कळशी भरली. तिच्या मागून शेजारीण आली, शेळीवाली, आपली कळशी घेऊन.

चौथी कळशी भरत असताना ड्रायव्हरने डंपर मागे घेतला. तोवर मी उतरले नाही.