मार्लिसने बंद केलेला फोन

मार्लिस ट्वाइट फोनला घाबरते, असं कोणी सांगितलं असतं तर आमच्या डुलुथ गावातल्या शाळेची पोरं हसून लोळली असती. शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हातात घेऊन उभी असली की मुख्याध्यापकसुद्धा रांग मोडायचे नाहीत. "गाजरं घे. तोंड वाकडं करू नकोस, तुझा बापही असाच करायचा आणि बघ केवढा वाढला," असं ती पोरांना सुनवायची. पण त्या हिवाळ्यात घरचा फोन वाजला की ती चार-चारदा वाजू द्यायची, मगच हात लावायची.

कारण होता व्हर्न, तिचा घटस्फोटित नवरा. बोलायला गोड, वागायला विंचू. कोर्टाने त्याला तिच्या घराजवळ फिरकायला आणि फोन करायला बंदी घातली होती, त्याचा नंबर मार्लिसने बंद करून टाकला होता. दोन महिने शांततेत गेले. मग या माणसाने रिले शोधून काढली.

रिले ही बहिऱ्यांची सोय. बहिरा माणूस कॉम्प्युटरवर टाइप करतो, मधला ऑपरेटर ते फोनवर वाचून दाखवतो आणि आपण जे बोलू ते टाइप करून त्याला पाठवतो. एकाचं संपलं की "बोला" म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याची पाळी. मार्लिसची धाकटी बहीण सॉल्विग जन्मापासून बहिरी, मिनियापोलिसला एका छापखान्यात कामाला. मार्लिसकडे कॉम्प्युटर नाही, मोबाइलचं तिला वावडं, म्हणून वर्षानुवर्षं दोघींचं बोलणं रिलेवरूनच चालायचं. त्यांच्या आईला ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती ऑपरेटरलाच सांगत बसायची, "तिला म्हणावं स्वेटर घाल. आणि तिला सांगू नका, पण ती जाड झालीय." ऑपरेटर नियमाप्रमाणे शब्दन् शब्द टाइप करायचा आणि सॉल्विग आठवडाभर फुगून बसायची.

व्हर्न काही बहिरा नव्हता, पण टाइप करणाऱ्याचे कान कोण तपासतो? तो हवं ते टाइप करायचा आणि कोणीतरी परका माणूस ते मार्लिसला वाचून दाखवायचा. कधी एखादी तरुण मुलगी, कधी कोणी म्हातारा. स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, फोन ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा एका मुलीचा आवाज वाचता वाचता कापायला लागला.

"बाई, तुम्ही ऐकताय ना?" तिने विचारलं.

"तुम्ही हे का वाचता हो?" मार्लिस कळवळून म्हणाली. "तुम्हाला कळतंय ना तो काय बोलतोय ते?"

पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज आला. तिचा प्रश्नही टाइप होऊन व्हर्नकडे पोचला होता. शिवाय ती हुंदका देते, गप्प बसते, तेसुद्धा ऑपरेटर लिहून कळवतो, कारण बहिऱ्या माणसाला ते एरवी कळत नाही. म्हणजे तिचं रडणं व्हर्नला घरबसल्या वाचायला मिळत होतं. हे लक्षात आल्यावर ती ओठ दाबून ऐकायला शिकली. मला विचाराल तर, त्या माणसाला डुलुथच्या सरोवरात बर्फ फोडून बुडवायला हवा होता.

पोलिसांनी हात वर केले. रिलेवरचं बोलणं गुप्त, कोणी टाइप केलं ते कळायला मार्ग नाही. फोन कंपनीतल्या मुलीने मात्र चुटकीसरशी उपाय सांगितला. "रिलेचे सगळे फोन एकाच नंबरवरून दिसतात ना बाई? तो नंबरच बंद करून टाकू. कटकट संपली!"

"पण माझी बहीण..."

"मग ते तुम्ही ठरवा."

तिने बरेच दिवस ठरवलं नाही. मग एका बुधवारी एक म्हातारा ऑपरेटर घसा खाकरून वाचू लागला, "फोन उचलायचं बंद केलंस तर मी दारात येईन. बोला." मार्लिसने रिसीव्हर आपटला. दुसऱ्या दिवशी रिलेचा नंबर बंद झाला.

सॉल्विगला कळवायला हवं होतं. एक कार्ड टाकलं असतं तरी पुरलं असतं. पण लिहायचं काय? व्हर्नशी लग्न करू नकोस म्हणून हीच सॉल्विग चर्चच्या पायरीवर हातवारे करून भांडली होती. 'तू बरोबर होतीस' हे कागदावर उतरवायची मार्लिसला लाज वाटली. या रविवारी लिहू, पुढच्या रविवारी लिहू, असं करत राहिली. फोन गप्प होता. ती रात्री कपाट सरकवून मागच्या दाराला लावायची आणि तरीही झोप यायची नाही.

मग एका शनिवारी दुपारपासून बर्फ पडत होतं. संध्याकाळी ओव्हनमध्ये हॉटडिश होतं, खिम्यावर बटाटे रचून भाजायचं; वरचे बटाटे नुकते लाल व्हायला लागले होते. एवढ्यात पुढच्या दारावर धडका बसायला लागल्या.

टकटक नव्हती ती. मुठींनी, मग पायाने, दार चौकटीत हलत होतं.

मार्लिसने स्वयंपाकघरातला दिवा मालवला, फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर फिरवला. दुसऱ्या हातात बिडाचा तवा होता, तो कधी उचलला हे तिलाही आठवत नव्हतं.

"दारात कोण आहे, बाई?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

"कोण आहे?" ती दाराकडे ओरडली.

उत्तर नाही. धडका चालूच.

"व्हर्न, मी पोलिसांना बोलावलंय! ऐकतोस का?"

उत्तर नाही. आता खिडकीच्या काचेवर थापा पडल्या. पडद्यामागे बर्फाने पांढरी झालेली एक धिप्पाड आकृती हलत होती.

"त्याने काही उत्तर दिलं का?" फोनवरचा माणूस विचारत होता.

"नाही हो! मी ओरडून ओरडून विचारतेय, आणि तो अवाक्षर काढत नाही!"

हे बोलली आणि तिचं तिलाच काहीतरी टोचलं. व्हर्न आणि गप्प? त्या माणसाला दार ठोठावतानासुद्धा तोंड आवरलं नसतं. शिव्या घातल्याशिवाय त्याने कधी दिवासुद्धा लावला नव्हता. ती भिंतीला धरून पुढे सरकली आणि ओसरीच्या दिव्याचं बटण दाबलं. चालू, बंद, चालू, बंद. लहानपणी बाथरूममध्ये तास लावणाऱ्या बहिऱ्या बहिणीला बाहेर काढायला सगळं घर हेच करायचं, आणि ती आतून पाय आपटून उत्तर द्यायची.

धडका थांबल्या. बाहेर लाकडी फळ्यांवर कोणीतरी जोरात दोनदा पाय आपटला.

मार्लिसच्या हातून तवा पडला. दाराची कडी काढायला तिला तीन वेळा झटावं लागलं. बाहेर सॉल्विग उभी होती, अंगावर दोन कोट, भुवयांवर बर्फ, सुजलेले डोळे. आत येताच तिने मार्लिसच्या खांद्यांवर, दंडांवर, डोक्यावर हात फिरवून पाहिलं. सगळं शाबूत आहे हे बघितल्यावर एक सणसणीत धपाटा घातला. मग तिचे हात भराभर चालू लागले.

"रोज फोन करतेय! रोज तेच, हा नंबर फोन घेत नाही! मला वाटलं त्याने तुला मारून टाकलं. रस्ताभर मी तुझं प्रेत बघत आले, मार्ली."

मार्लिसने रडत रडत सगळं हातांनी सांगितलं. तो रिलेवरून कसा छळायचा, काय वाचून दाखवलं जायचं, आणि शेवटी तिने नंबर कसा बंद करून टाकला. सॉल्विग टक लावून बघत होती. मग तिने अगदी सावकाश विचारलं, "म्हणजे छळ त्याने केला, आणि बंद मला केलंस?"



पोलिसांची गाडी आली आणि गेली. हॉटडिश करपलं होतं, ते दोघींनी खरवडून खाल्लं. सॉल्विगने प्रत्येक घासाला नाक मुरडलं आणि दोनदा वाढून घेतलं. ती रविवारी परत गेली, तेव्हा दारात निरोप घ्यायलाच दोघींना तासभर लागला.

सोमवारी मार्लिसने फोन कंपनीला सांगितलं, "रिले चालू करा."

"पण बाई, तो परत सुरू करेल."

"करेल. माहीत आहे मला."

संध्याकाळी फोन वाजला. ती ओट्याला धरून उभी राहिली, मग जीव मुठीत धरून रिसीव्हर उचलला. "रिलेवरून फोन आहे," कोणी अनोळखी पुरुष एकसुरी आवाजात म्हणाला आणि वाचू लागला, "उचललास ना शेवटी. मला माहीत होतं उचलशील. बोला."

आवाजावरून काही कळत नव्हतं, शब्दांवरून काही कळत नव्हतं. रिसीव्हर खाली ठेवावा म्हणून हात निघालाही. पण तिने तो कानाशी घट्ट धरला.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली. "बोला."

कीबोर्ड वाजला, मग थांबला. तो माणूस पुन्हा त्याच एकसुरी आवाजात वाचू लागला, "मी कोण काय विचारतेस, गाढवे. कालच पोचले घरी. तुझे ते करपलेले बटाटे अजून पोटात दगडासारखे बसलेत."