कुजणाऱ्या पिशव्यांचे काका

पिशवी हातात आली की काका आधी ती कानाजवळ नेऊन चुरगाळायचे. तिचा आवाज ऐकायचे, मग वास घ्यायचे, आणि समोर कोण उभं आहे हे न बघताच विचारायचे, "कुठं कुजणार हे?"

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कारखान्यात लागून मला आठवडाच झाला होता. पूर्वी तिथे साध्या प्लास्टिकच्या पिशव्या व्हायच्या. बंदी आल्यावर शेठनी यंत्रं तीच ठेवली आणि कच्च्या मालाचा दाणा बदलला. आता मक्याच्या स्टार्चचा, खत होऊ शकणारा दाणा वितळवून त्याच्या पिशव्या निघत. माझ्याकडे पत्रव्यवहार होता. मी सहज म्हटलं, "कुठंही कुजेल की, काका. कंपोस्टेबल आहे ना."

"कुठंही कुजतं ते वांगं," ते म्हणाले. "पिशवीला जागा लागती, गरमी लागती, टाइम लागतो."

काका अंबडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीनंतर शेठनी त्यांना मालाच्या तपासणीसाठी ठेवून घेतलं. रोज सकाळच्या एसटीनं यायचे. पांढरा शर्ट, खिशात भिंग. कारखान्यातल्या बायका सुरुवातीला त्यांना 'सर' म्हणत. ते हातातलं काम थांबवून दर वेळी दुरुस्ती करत, "सर न्हाई. परिचर. सर लोकांच्या परीक्षानळ्या धुतल्या मी." शेवटी बायकांनी कंटाळून 'काका' हे नाव पक्कं केलं. त्याला त्यांची हरकत नव्हती.

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी खड्डे खणले होते. एकात शेणखत, एकात स्वयंपाकघरातला ओला कचरा, एकात नुसती आपली काळी माती. प्रत्येकात पिशवीचे तुकडे पुरलेले आणि वर खुंटीला बांधलेली पाटी. बायका त्याला काकांचं कब्रस्तान म्हणायच्या. दर शनिवारी काका उकिडवे बसून हातानं माती उकरत, तुकडा बाहेर काढत, उजेडात धरत आणि पुन्हा पुरत. उन्हाळ्यात माती दगड व्हायची. मग स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतायचे. एकदा कुत्र्यांनी सगळं उकरून टाकलं, तर हे वॉचमनला म्हणाले, "रागावू नका त्यांच्यावर. ते बी तपासणीच करून राह्यले."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुरून मजेशीर वाटतात. त्यांच्या शेजारी बसून काम करायचं म्हटलं की मात्र कस लागतो.

माझा कस लागला तो परदेशी मागणीच्या वेळी. युरोपातल्या एका खरेदीदारानं ओल्या कचऱ्यासाठीच्या पिशव्यांची मोठी मागणी नोंदवली. कारखान्यानं एवढं काम आजवर पाहिलं नव्हतं. अट एकच होती. पिशवीवर तिकडचं 'घरच्या खतखड्ड्यात कुजणारी' हे चिन्ह हवं. शेठनी दाणा पुरवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "हे जोडा आणि हो म्हणून कळवा." छपाईचे ठसेसुद्धा तयार होऊन आले.

मी पत्र लिहिलं. पाठवण्याआधी सवयीनं काकांना दाखवलं. त्यांनी भिंग काढलं आणि प्रमाणपत्राच्या एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचायला सुरुवात केली. चहा आला, गार झाला.

"ताई, हे कुणाच्या नावावर हाय?"

"दाण्याच्या कंपनीच्या."

"म्हणजे दाणा पास झाला. पिशवी न्हाई. आपण त्याच्यावर शाई छापतो, ती कुठं तपासली? जाडी बघा, त्यांनी एवढीच लिहिली. आपली तिच्यापेक्षा जास्त. आणि हे खाली बघा. कारखान्यासारख्या मोठ्या खतप्रकल्पात कुजणारी, असं लिहिलंय. तिथं अठ्ठावन्न डिग्रीची गरमी असती. घरच्या खड्ड्यात एवढी कुठून आणायची?"

"पण आपल्या पिशवीला केंद्र सरकारचं प्रमाणपत्र आहेच की."

"हाय ना. इथं विकायला बराबर हाय." त्यांनी खिशातून एसटीचा पास काढून टेबलावर ठेवला. "हा अंबडचा पास. हा घेऊन परतूरच्या गाडीत बसलो तर कंडक्टर उतरवून देईल. पास खोटा न्हाई, ताई. रस्ता दुसरा हाय. युरोपचा येगळा, अमेरिकेचा येगळा, आपला येगळा."

दोन वर्षं कागदांशी झटून मला जे कळलं नव्हतं ते त्या पासानं कळलं. आणि कळलं म्हणूनच मी चिडले. आता ते पत्र मला पाठवता येणार नव्हतं.

शेठ वाईट माणूस नव्हते. पण ठसे आले होते, दाणा आला होता. ते म्हणाले, "काका, तिकडं कोण खड्डा उकरून बघणार आहे?"

"कुणी न्हाई बघणार," काका शांतपणे म्हणाले. "पण तपासणीची सही मी न्हाई करणार, शेठ. मला काढून टाका. बिलकुल राग येणार न्हाई."

शेठनी ठशांचा खोका पायानं टेबलाखाली सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जे खरं आहे ते लिहा." मी लिहिलं. आमच्याकडे भारतातलं प्रमाणपत्र आहे, तुमच्याकडचं नाही. आमची पिशवी आमच्या नावानं तपासून घेऊ, त्याला कित्येक महिने लागतील. दोनच दिवसांत उत्तर आलं. सभ्य भाषेत मागणी रद्द झाली होती.

त्यानंतरचे दिवस सांगायला मला आवडत नाहीत. एक यंत्र बंद झालं. गठ्ठे बांधणाऱ्या बायकांपैकी सहा जणींना काही दिवस येऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्यांत संगीताताई होत्या, सगळ्यांत जुन्या. काका त्या सहाही जणींच्या घरी गेले. संगीताताईंकडे मी बरोबर होते. त्या दारात उभ्या राहिल्या, आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं.

"माझ्यामुळं झालं, ताई," काका म्हणाले. "तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आल्तो."

"तुम्हाला काय जातंय, काका?" संगीताताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला पेन्शन हाय. कागद खरा ठेवायला तुम्हाला परवडतं."

काका काहीतरी समजावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बराबर हाय," आणि हातातला पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत तिथेच मान खाली घालून बसले.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी झाली की ते नमुन्यांची पिशवी घेऊन बाहेर पडू लागले. आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं त्यांनी. परतूरला गेले, भोकरदनला गेले, दुकानदारांपुढे उभे राहून पिशव्या कानाजवळ चुरगाळून दाखवल्या. धावडा गावाकडच्या एका रोपवाटिकेवाल्याला रोपांसाठी पिशव्या पसंत पडल्या. त्यानं विचारलं, "पिशवीसकट रोप लावलं तर चालंल ना?" काका म्हणाले, "न्हाई चालणार. आपल्या मातीत वर्षभर तशीच राहील. मी पुरून बघितलंय." मागणी तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना स्वतःच हसत होते. "ताई, मला विकायला पाठवणं म्हणजे उंदराला गोदामावर ठेवणं."

पण जालन्यातल्या एका मोठ्या खानावळीनं आणि दोन मिठाईवाल्यांनी त्यांचं ऐकलं. तिथे आपलं प्रमाणपत्र पुरत होतं. काम थोडंच, पण तीन बायका परत आल्या. पुढच्या महिन्यात आणखी दोघी. संगीताताई सर्वांत शेवटी आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि अर्धी भाकरी आणि ठेचा काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी तोही आधी हुंगला. संगीताताई म्हणाल्या, "खा गुमान. पोटात कुजतंय ते."

मागणी रद्द झाली तरी शेठनी पिशव्यांचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवले होते. निकाल यायला इतका वेळ लागला की मी वाट बघणं सोडलं होतं. मोठ्या खतप्रकल्पासाठी आमची पिशवी आमच्या नावावर पास झाली. घरच्या खड्ड्यासाठी झाली नाही. मुदत संपली तरी तिचे तुकडे शिल्लक राहिले. शेठनी तो कागद दोनदा वाचला. मग उठून स्वतः तो छपाईच्या ठशांचा खोका भंगारात टाकून आले. त्या कागदाच्या जोरावर पुढे दुसऱ्या एका खरेदीदाराचं काम मिळालं. पहिल्याइतकं मोठं नाही, पण टिकलं.

निकाल आला तेव्हा काका रजेवर होते. छातीत दुखतंय म्हणून आठवडाभर घरीच होते. मी फोन करून वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवून पास झालेल्या पिशवीची जाडी विचारली. मी सांगितली. "मंग ठीक हाय," म्हणाले. "तेवढ्याच जाडीवर छापा. जल्दी करू नका." चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

दहाव्यानंतर मी आणि संगीताताई अंबडला गेलो. बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं घर. काकू आम्हाला स्वयंपाकघरातच घेऊन बसल्या. ओट्यावरच्या फळीवर डबे मांडलेले होते, बिस्किटांचे, दुधाच्या पावडरीचे, तेलाचे. प्रत्येक डब्यावर जिथे कंपनीचं नाव छापलेलं होतं, तिथे काकांच्या बारीक, सरळ अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. 'आत बिस्किटे नाहीत. तूरडाळ आहे.' 'आत तेल नाही. ज्वारीचे पीठ आहे.' संगीताताई एकेक वाचत गेल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसतच होत्या.

काकूंनी चहा ठेवला आणि तूरडाळीचा डबा काढला. झाकण उघडून त्यांनी आतून गुळाचा खडा घेतला.

"डाळ संपली, काकू?" मी विचारलं.

"मागंच संपली. गूळ भरून ठेवला मी. चिठ्ठी बदलायची राहून गेल्ती."

माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी ते बाहेर काढलं. काकूंनी झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी उचलून फळीवर, भिंतीच्या बाजूला सरकवून ठेवला.

"राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "त्यांचं अक्षर हाय."