मिटल्या डोळ्यांचे डॉक्टर

पेशंटच्या छातीला नळी लावली की आमचे डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे. मग पेशंटही डोळे मिटायचा. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं, दोघं मिळून देवाचं नाव घेताहेत.

त्यांच्या फुकटच्या दवाखान्याला लागूनच माझं औषधांचं दुकान, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक. डॉक्टरांचे कान गेले होते. कानात मशीन घालून पाहिली, तर तिची शिट्टीच वाजत राहायची. आता दवाखाना बंद करा, म्हणून मी सारखा वाद घालायचो. ते माझे ओठ वाचायचे आणि म्हणायचे, "करतो गा, करतो."

त्यांनी पेशंटना सरकारी दवाखान्यात पाठवूनही पाहिलं. पण तिथल्या रांगेत दिवसाची मजुरी बुडायची. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा यांच्या पायरीवर हजर.

एका थंडीत एका हमालाची बायको खोकत आली. डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले. दोन दिवसांनी तिला न्यूमोनियानं भरती करावं लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी दवाखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला वाईट वाटलं, पण सुटले बिचारे, असंही वाटलं.

बाई वाचली. सुट्टी मिळाल्यावर नवऱ्यानं तिला थेट डॉक्टरांच्याच दारात आणलं. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. ते खाली उतरले आणि कुलूप असूनही पायरीवर येऊन बसलेल्या सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी चूक झाली. मले ऐकू येत नाही. दुसरा डॉक्टर पाहा."

हमाल म्हणाला, "चुकलं त चुकलं, डॉक्टरसाहेब. आमच्यासाठी चुकाले तरी दुसरं कोण बसून राहिलं आहे?"

डॉक्टर त्याच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना हे कळू नये, असं मला फार वाटलं. पण त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी किल्ली देईना, तर तसाच हात पुढे धरून उभे राहिले. शेवटी दिली. त्यानंतर ते दवाखान्यातल्या खुर्चीतून कधी सुटलेच नाहीत.

या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. परवा तोच हमाल दुकानात आला आणि काउंटरपाशी उभा राहून शर्टाची बटणं सोडू लागला.

"तुमी तरी पाहा ना जी."

मला यातलं काही कळत नाही, मी त्याला दोनदा सांगितलं. तो बटणं लावेना.