थंड हवेच्या गावी

फिलूमावशी माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी त्याचा श्वास ऐकायच्या. मी क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला आले, तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने मिळेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून गेले होते. मेलबर्नमधला माझा तो पहिला जून, म्हणजे तिथली थंडी. दार उघडलं तेव्हा मी खोकत होते. दारातली ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई मान कलती करून ऐकत राहिली. माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खोकल्याला, पोरी."

दोन आठवडे, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आधी एक्सरे, मग किल्ली."

मला वाटलं, बाई विक्षिप्त आहे. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या डॉक्टरकडे नेऊन चिठ्ठी घेतली, आणि ज्या इस्पितळात त्या रेडिओग्राफर होत्या तिथे स्वतः माझ्या छातीचा फोटो काढला. काचेमागून त्यांचा आवाज आला, "श्वास घे. धर. धरून ठेव. सोड." इंग्रजीत रोज शंभरदा म्हणायचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी मराठीत म्हटलं, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच मला रडू आलं. पडद्यावरच्या फोटोकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "स्वच्छ आहे. चल घरी, भात टाकते."

त्या घरात मी अडीच वर्षं राहिले. मावशी मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. नवरा लवकर गेला, मुलगी स्मिता सिडनीला केलीव्हिलमध्ये. घराच्या खिडक्या ऐन थंडीतही उघड्या असायच्या. मी दोन स्वेटर घालून अभ्यासाला बसायचे आणि कुरकुरायचे, तर म्हणायच्या, "हवा खेळती पाहिजे. कोंडलेल्या हवेत माणूस हरवतं." मरतं नाही, हरवतं. हा शब्द मला तेव्हाच खटकला होता, पण मी विचारलं नाही.

कामाबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदा कुणा बाईच्या फोटोत वाईट निघालं होतं. त्या दिवशी मावशी मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांसमोर नुसत्या उभ्या होत्या. मी चहा घेऊन गेले. "फोटोत सावली दिसते, माणूस नाही दिसत," त्या म्हणाल्या. "मी फक्त सावली पकडते. पण पकडणारी मीच ना." ट्रेनमध्ये शेजारी कुणी खोकलं तर त्या हातातली पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहायच्या, आणि त्या माणसाचं स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटला घर झालं. पण महिन्यातून एका रविवारी मी क्लेटनला जायचेच. मावशी निवृत्त झाल्या, सत्तरीला आल्या, तेव्हा स्मिताने त्यांना विचारलं, "ममा, तुला कुठे जायचंय सांग. रोम? जेरुसलेम?"

मावशी म्हणाल्या, "जिथे सगळ्यात थंड आणि स्वच्छ हवा असेल तिथे."

असं उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमेच्या जहाजाचं बुकिंग झालं. बर्फातून जाणारं, शंभरेक प्रवाशांचं छोटं जहाज, वाटेत इनुइट लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, दूरदूरची गावं. स्मिताला रजा मिळेना. तिने मला फोन केला, "तू जाशील का तिच्याबरोबर? एकटीला कसं सोडू?" मी गेले. तीन विमानं बदलून आम्ही उत्तरेकडच्या एका बंदरात पोचलो आणि जहाजावर चढलो.

पहिले चार दिवस मावशी लहान मुलीसारख्या खूश होत्या. लाल जाकीट घालून डेकवर उभ्या राहायच्या, तोंड उघडून हवा आत घ्यायच्या. "बघ, बघ, कशी काचेसारखी हवा आहे!" अस्वल दिसलं तेव्हा सगळे कॅमेरे घेऊन धावले, मावशींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पाचव्या दिवशी जहाज दाट बर्फात शिरलं. बर्फाचे तुकडे बाहेरून पत्र्याला घासत जायचे, आणि केबिनमध्ये एक लांबलचक, खरखरीत आवाज भरून राहायचा. मावशी भिंतीला कान लावून बसल्या होत्या.

"काय ऐकताय, मावशी?"

"छातीतून असा आवाज येतो," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी." त्यानंतर त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये यायचंच बंद केलं. मी ताट केबिनमध्ये आणायचे.

सातव्या दिवशी एका गावात उतरायचं होतं. रबरी होड्यांतून आम्हांला किनाऱ्यावर नेलं. चाळीसेक घरं, रंगीत पत्र्यांची, खाली नुसती खडी, एक झाड नाही. गावच्या हॉलमध्ये चहा होता, तव्यावर भाजलेली जाड भाकरीसारखी रोटी होती. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून गायला लागल्या. ते गाणं गळ्यातून आणि श्वासातून येतं, दम लागलेल्या माणसासारखं, भरभर, एकीचा श्वास दुसरी उचलते. लोक टाळ्या वाजवत होते. मावशींचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

नंतर एक वृद्ध बाई बोलायला उठली. नाव एलिसापी. ती तिच्या भाषेत बोलायची आणि नात इंग्रजीत सांगायची. ती लहान असताना दर उन्हाळ्यात सरकारी जहाज यायचं. सगळ्या गावाला जहाजावर नेऊन छातीचे फोटो काढायचे. ज्यांच्या फोटोत क्षय दिसे, त्यांना परत किनाऱ्यावर उतरू देत नसत. तसंच दक्षिणेला घेऊन जात. एलिसापी सात वर्षांची होती. आई फोटो काढायला गेली आणि परत आलीच नाही. डेकवरून हात हलवणारी आई तेवढी आठवते. ती मेली हे घरी कळायला दोन वर्षं लागली, आणि कुठे पुरली हे कळायला चाळीस.

मावशी उठून उभ्या राहिल्या.

"मी तेच काम केलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "अडतीस वर्षं. छातीचे फोटो काढायचं."

नातीने आजीला सांगितलं. एलिसापीने मावशींकडे नीट बघितलं. मग तिने विचारलं, आणि नातीने ते चाचरत सांगितलं, "आजी विचारतेय, माझ्या आईच्या फोटोत खरंच काही दिसलं असेल का?"

मावशी म्हणाल्या, "दिसलं असेल."

म्हातारीने मान हलवली. "मग फोटो खोटा नव्हता," ती म्हणाली. "परत आणू म्हणाले, ते खोटं होतं."

मावशी दाराबाहेर गेल्या. मला वाटलं, मोकळ्या हवेत उभ्या राहतील. पाच मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर कुठेच नाहीत. तेवढ्यात वारा फिरला. मोहिमेचा प्रमुख वायरलेसवर ओरडत होता, खाडीत बर्फ आत येतोय, सगळ्यांनी होड्यांकडे चला, वीस मिनिटांत शेवटची होडी. लाल जाकिटं किनाऱ्याकडे पळायला लागली. मी उलट दिशेला पळाले. अस्वलांसाठी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या गावातल्या रखवालदाराने हाताने दाखवलं, वरच्या बाजूला कब्रस्तान.

मावशी पांढऱ्या क्रुसांमध्ये खडीवर बसल्या होत्या. तिथली जमीन कायम गोठलेली, त्यामुळे माणसांवर माती कमी, दगडच जास्त रचलेले.

"मावशी, उठा. होडी सुटतेय."

"माझ्या आयला मी पकडून दिलं," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. किनाऱ्यावरून भोंगा वाजत होता आणि त्या अगदी सावकाश बोलत होत्या. त्या आठ वर्षांच्या होत्या. चर्चच्या मैदानात क्षय तपासायला एक्सरेची गाडी आली होती. आई, मार्था, कित्येक महिने खोकत होती आणि फडक्यात लाल डाग लपवत होती. गाडी आली त्या सकाळी ती केळीच्या वाडीत जाऊन लपली. "एका सिस्टरने मला जवळ घेतलं. लिमलेटची गोळी दिली. आय कुठाय म्हणून विचारलं. मी बोट दाखवलं. गोळी तोंडात होती ना, म्हणून बोलले नाही. नुसतं बोट दाखवलं."

दोन दिवसांनी आईला नेलं. वडील म्हणाले, आय थंड हवेच्या गावी गेलीय, बरी होऊन येईल. वर्षभराने म्हणाले, वारली. कुठे पुरली ते कधीच सांगितलं नाही. त्याच वर्षी घरात दुसरी आई आली.

"मला वाटलं, इतक्या थंड गावी आले तर..." मावशींनी माझ्याकडे बघून विचारलं, "ही बाई चाळीस वर्षं शोधत राहिली. मी का नाही शोधलं गं?"

रखवालदार वर आला, आम्ही दोघांनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. शेवटच्या होडीत आम्ही तिघंच होतो, आम्ही दोघी आणि होडीवाला. बर्फाचे पांढरे तुकडे दोन्ही बाजूंनी जवळ येत होते. होडीवाला उभा राहून वल्ह्याने ते ढकलत होता आणि एकसारखा म्हणत होता, बसून राहा, बसून राहा. रबराला बर्फ घासला की मावशी डोळे मिटायच्या. माझा हात त्यांनी इतका आवळला होता की नखांच्या खुणा जहाजावर पोचल्यावरही दिसत होत्या.

मेलबर्नला परतल्यावर मावशींनी वसईला फोन लावायला सुरुवात केली. एक आत्या हयात होती, नव्वदीची. व्हिडिओ कॉलवर ती आधी रडली, मग म्हणाली, जाऊ दे ना, इतकी वर्षं झाली. मावशी रोज फोन करायच्या. तिसऱ्या आठवड्यात आत्याने घाटावरच्या एका गावाचं नाव सांगितलं, आणि फोन बंद केला.

डिसेंबरात मी पुण्याला आई-बाबांकडे जाणारच होते. मावशी माझ्याबरोबर आल्या. स्मिता फोनवर चिडली होती, "ममा, या वयात हे काय काढलंयस? What's the point?" मावशी एवढंच म्हणाल्या, "तू मला कधी हरवू नको, बस."

त्या गावातलं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम केव्हाच बंद पडलं होतं. डोंगराच्या कुशीत लांबट कौलारू इमारती, काहींत आता नर्सिंगची शाळा. जुनी दप्तरं शेजारच्या चर्चमध्ये ठेवलेली. तिथले फादर तरुण होते, तिशीचे असतील. त्यांनी दोन तास शोधलं. आम्ही सांगितलेल्या वर्षात मार्था नावाची दफनाची नोंदच नव्हती, पुढच्या वर्षातही नव्हती. मावशी म्हणाल्या, "पुढे बघा." फादर पानं उलटत गेले, उलटत गेले, आणि एका पानावर थांबले.

"वसईच्या मार्था?" त्यांनी विचारलं. "मावशी, यांना दफन केलंय ते... इथे आल्यावर अकरा वर्षांनी."

मावशींना कळलंच नाही. मलाही नाही. मग फादरनी हळू आवाजात वाचून दाखवलं. रोग बरा झालेला. त्यानंतर सॅनिटोरियमच्या धोबीखान्यात कामाला. मृत्यू तापाने. नातेवाईक, कोणी नाही.

मावशी बाकावर बसल्या. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी एकोणीस वर्षांची. मुंबईत एक्सरेचा कोर्स करत होते मी." मग म्हणाल्या, "ती बरी झाली होती. मी बोट दाखवलं म्हणून ती बरी झाली. आणि न्यायला कोणी आलं नाही."

वडिलांना पत्रं गेली असणार. घरात तोवर दुसरी बायको होती, तान्हं मूल होतं. मी तसं काहीतरी बोलायला गेले, पण मावशींनी हाताने थांबवलं. "पप्पांचा राग करायला आता वेळ नाही माझ्याकडे. धोबीखाना कुठे होता?"

धोबीखाना म्हणजे चार भिंती आणि दगडी हौद उरले होते. हौदासमोर एक रुंद खिडकी होती, गज गंजलेले. मावशी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होते. खिडकीतून खालचं वळण दिसत होतं आणि वळणावरचा एसटीचा थांबा. आम्ही बघत असतानाच एक बस आली. एक बाई उतरली, कडेवर पोर, आणि दुसरीकडे चालत गेली. मावशींनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग दुसरी बस येईपर्यंत थांबल्या. मग तिसरी. मी त्यांना हलवायचा प्रयत्न केला नाही.

ऊन कलल्यावर त्या वळल्या आणि तडक चर्चमध्ये गेल्या. फादर वही कपाटात ठेवत होते.

"पेन द्या," मावशी म्हणाल्या.

"मावशी, जुन्या नोंदीत बदल करता येत नाही."

"बदलत नाहीये. राहिलंय ते लिहिते."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली आणि खिशातलं पेन काढून दिलं.

फिलूमावशी जाऊन आता आठ महिने झाले. क्लेटनच्या चर्चमध्ये त्यांच्याबद्दल पुष्कळ जण चांगलं बोलले, अडतीस वर्षांच्या नोकरीबद्दल, त्यांच्याकडे राहून शिकलेल्या आम्हा मुलींबद्दल. मला मात्र ते टेबल दिसत होतं आणि वहीवर वाकलेली त्यांची पाठ. मार्थाच्या नोंदीसमोर, समासात त्यांनी शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरांत लिहिलं, मुलगी, फिलोमिना. आली होती. फादरनी पेनासाठी हात पुढे केला. मावशींनी ते दिलं नाही. त्यांनी खाली आणखी एक शब्द लिहिला, उशिरा.