वीतभर नळी आणि चार बोटांची नळी

माझी मावशी काडतुसांच्या कारखान्यात चाचणी विभागात होती. आम्ही भावंडं तिला धडाममावशी म्हणायचो. जन्मभर बाईने गोळ्या झाडल्या, पण कधी चिमणीवर नेम धरला नाही. तिची गोळी जायची ती जेलीच्या ठोकळ्यात. त्या आवाजाने तिचे कान कामातून गेले होते, त्यामुळे ती आमच्याकडे आली की घरातली बातमी शेजाऱ्यांना आपोआप कळायची. नोकरीची शेवटची वर्षं मात्र तिने चाचणीत नाही, पॅकिंगमध्ये खोके चिकटवत काढली. नातेवाईक म्हणतात, हट्टापायी स्वतःचं वाटोळं करून घेतलं. त्यांना बोलायला काय जातंय? जे झालं तेव्हा मी तिच्या शेजारीच होते, म्हणून मी सांगते.

तिची खोली लांबट, बिनखिडक्यांची. एका टोकाला लोखंडी चौकटीत आवळून बसवलेली चाचणीची नळी, चांगली वीतभर लांब. तिच्यापुढे वेग मोजणारे दोन पडदे आणि दुसऱ्या टोकाला जेलीचा ठोकळा, माणसाच्या मांसाइतपत घट्ट. तिथल्या गोळीच्या टोकाला छोट्या वाटीसारखा खळगा असे. गोळी पुरेशा वेगाने आत शिरली की तो खळगा फाकायचा, गोळी पसरट व्हायची आणि ठोकळ्यातच थांबायची. पोलिसांना हेच हवं होतं. समोरच्याला लागावी, त्याच्या मागे उभ्या असलेल्याला लागू नये. मावशी ठोकळा कापून गोळी बाहेर काढायची, उलटीसुलटी करून बघायची आणि मगच मालावर शिक्का मारायची.

नळी लांब का, तर आकडे दर वेळी सारखे यावेत म्हणून. खोक्यावर छापला जायचा तो वेग या नळीतला. पिस्तुलात तो कमी भरणार, हे त्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत बसत नाही.

माझा दादा साध्या कपड्यांत फिरणारा पोलीस होता. त्याला खिशात मावेल असं पिस्तूल मिळालं होतं, नळी जेमतेम चार बोटं. काडतुसं मावशीच्या कारखान्याची. ‘तुझ्या खिशात माझा शिक्का आहे,’ असं ती त्याला कौतुकाने म्हणायची.

एका दुपारी बँकेत जाड कोट घातलेल्या एका माणसाने कॅशियरच्या डोक्याला बंदूक लावली. दादा आत होता. त्याने एकच गोळी झाडली. तो माणूस पडला, आणि त्याच्या मागे दाराशी उभी असलेली एक शिक्षिकाही पडली. दोघंही गेली.

चौकशी बसली. ‘ही गोळी आरपार जात नाही, असंच आम्हाला शिकवलंय,’ एवढंच दादा सांगत होता. कारखान्यानेही तेच कळवलं, की चाचणी झालेली आहे, गोळी आतच थांबते. मग ती आरपार गेली कशी? दादाने बाहेरून दुसरीच कसली तरी काडतुसं आणून भरली असणार, असा सूर निघू लागला. नोकरी तर जाणारच होती, पुढे तुरुंगही दिसत होता. दादाच्या तोंडाला कुलूप लागलं. आईने पुढे ठेवलेलं ताट तसंच परत जायचं. त्याच्याकडे बघून मला इतका राग यायचा, की हा माणूस स्वतःसाठी भांडत का नाही.

मावशी आली. तिने विचारलं, ‘पिस्तुलाची नळी केवढी रे तुझ्या?’

दादाने चार बोटं दाखवली. मावशी त्या बोटांकडे बघत राहिली. चहा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने कारखान्याच्या साहेबांच्या मागे लकडा लावला, की चौकशीवाल्यांना चाचणीच्या खोलीत बोलवा. साहेब वैतागले. ‘बाई, नियमाप्रमाणे चाचणी झाली, एवढंच म्हणा आणि मोकळ्या व्हा. तुमची चूक काढतंय कोण?’ तिने ऐकलं नाही. या वेळी कानांचा काही दोष नव्हता.

शेवटी मंडळी आली. चौकशीचे अध्यक्ष, साहेब, दादा आणि त्या शिक्षिकेचा नवरा. प्रश्न कानाशी पुन्हा सांगायला मावशीने मला बरोबर घेतलं होतं. तिने ठोकळ्यावर जाड कोटाचं कापड ताणलं आणि आधी वीतभर नळीतून गोळी झाडली. ठोकळा कापला. गोळी आत थांबली होती, नीट फाकलेली.

मग नवा ठोकळा, तसंच कापड, तेच काडतूस, पण दादाकडे होतं तसलं छोटं पिस्तूल. या वेळी तोंडाशी मोठा जाळ दिसला. गोळी ठोकळा पार करून मागच्या वाळूत घुसली. मावशीने ती चाळून काढली आणि अध्यक्षांच्या तळहातावर ठेवली. खळगा जशाचा तसा होता, त्यात कोटाचे धागे अडकलेले.

ती म्हणाली, ‘गोळी नळीत असते तोवरच दारूचा धक्का तिला पुढे रेटतो. नळी आखूड, तर रेटाही थोडाच. उरलेली दारू बाहेर जळून जाते, तो जाळ तुम्ही पाहिलात. वेग कमी पडला, गोळी उघडली नाही. न उघडलेली गोळी थांबत नाही.’

अध्यक्षांनी विचारलं, ‘मग तुमच्या शिक्क्याला अर्थ काय?’

मी तिच्या कानाशी वाकले, पण तिने ऐकलं होतं. ‘मोठ्या नळीपुरताच अर्थ. हा माल छोट्या पिस्तुलांना जातोय हे मला माहीत होतं. तसलं एक पिस्तूल इथे माझ्या कपाटात पडून होतं. मी ते लावून बघितलं नाही. या मुलाने शिक्क्यावर विश्वास ठेवला.’

साहेबांनी मान फिरवली. पुढे दादा सुटला आणि मावशीची बदली झाली. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवशी आम्ही खोलीतून निघण्याआधी त्या शिक्षिकेचा नवरा उठून उभा राहिला. त्याला गोळीचं काही विचारायचं नव्हतं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘आपण जातोय हे तिला कळलं असेल का हो?’

मावशी म्हणाली, ‘ते मला नाही सांगता येणार.’

‘कळलं होतं,’ दादा म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होता. ‘मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, आणखी कुणाला लागलं का?’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

‘कुणालाच नाही, म्हणालो.’

तो माणूस म्हणाला, ‘बरं केलंत.’